मुक्या नाचातली गुणगुण

लंडनबाहेरच्या स्टुडिओत भुताखेतांच्या विनोदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. प्रसंग राक्षसांच्या क्लबातल्या नाचाचा, पण गाणं बंद. नटांचं बोलणं स्वच्छ टिपायचं आणि गाणं मागाहून चढवायचं, अशीच रीत. त्यामुळे सगळी भुतं बुटांवर मोजे चढवून, तोंड मिटून नाचत होती. एनिड रबरी मुखवट्यात घामाघूम होऊन एकटीच गिरक्या घेत होती. तिचा जोडीदार लांडगा चहाच्या गाडीशी अडकला होता. सुळ्यांमुळे मेल्याला बिस्किट चावेना.

"थांबा!" ध्वनिमुद्रक गार्थ खेकसला. "एनिडबाई, तुमच्याजवळ कोण गुणगुणतंय? पुरुषाचा आवाज, तोही बेसूर!"

"इथं कुणी नाही हो."

वैतागून त्याने तिचा मुखवटा वर सारला आणि टिपलेला आवाज हेडफोनवर ऐकवला. ब्लॅकपूलच्या नाचघरातलं जुनं गाणं, वर चढताना घसरणारं. एनिडने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला. तिच्या नवऱ्याला, क्लिफर्डला, पुरून दोन हिवाळे उलटले होते. नाचताना जन्मभर तिने त्याला दटावलं होतं, "गप्प बस की रे, लोक हसतायत."

"पुन्हा घ्या!" दिग्दर्शक ओरडला. भुतं कुरकुरली. एनिडने मात्र रिकाम्या हवेत, खांद्याच्या उंचीवर हात टेकवला.

"गा रे," ती पुटपुटली. "मोठ्यानं गा."