पाऊण ते पावणेदोन

कॉलेजात टीव्ही आला तेव्हा सगळ्यात जास्त खूश कोण झालं असेल, तर रेशमाच! अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट ही, शिरपूरची. लाकडी खोक्यातला टीव्ही, पुढे सरकतं शटर, शटरला कुलूप, गच्चीवर उंचच उंच पाइप उभा करून त्यावर अँटेना. संस्थेच्या अध्यक्षांनी नारळ फोडला आणि सांगितलं की आता दिल्लीचे मोठमोठे प्रोफेसर आपल्या पोरांना शिकवणार, खडू-फळ्याचे दिवस गेले. टाळ्या, पेढे, सगळं झालं. रेशमाने एक पेढा खाल्ला आणि एक रुमालात बांधून बापासाठी नेला. गावात टीव्ही कुठला, लाईटच नव्हती, म्हणून तिने बापाला समजावून सांगितलं की खोक्यात मास्तर दिसतो आणि तो शिकवतो.

बाप म्हणाला, "खोकामा? मंग त्याले भूक लागस का नही?"

दोघं कितीतरी वेळ हसत होते.

तिचं गाव बोरपाणी, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, पावरा लोकांची वस्ती. तिथून कॉलेजात आलेली ती पहिलीच पोर. पोरगासुद्धा तिच्याआधी एकच, तोही बारावीला गळला. ही मात्र बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पोचली होती, आणि तीही कशाच्या जिवावर? एसटीच्या दोन गाड्यांच्या. सकाळी साडेसहाची गाडी फाट्यावरून पकडायची, साडेसातला कॉलेज, साडेबाराला सुटलं की दीडची गाडी. त्यानंतर थेट संध्याकाळची मुक्कामी गाडी, ती पोचेपर्यंत काळोख, आणि फाट्यापासून घर अर्धा तास पायी, मध्ये नाला. पोरींचं होस्टेल तेव्हा नव्हतंच. तिच्या बापाने, चैत्रामने, पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, "दीडनी गाडी. ती चुकनी का कॉलेज बंद." ओरडला वगैरे नाही, साधंच बोलला. पण हा माणूस एकदा बोलला की बदलत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आणि टीव्हीचा कार्यक्रम कधी? दुपारी पाऊण ते पावणेदोन!

पहिले दोन-तीन दिवस ती सरळ निघून गेली. मग बोर्डावर नोटीस लागली. टीव्हीच्या तासाला पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर टर्म ग्रँट नाही. म्हणजे परीक्षेचा फॉर्मच भरायचा नाही, वर्ष पाण्यात. आणि सही कधी घ्यायची? कार्यक्रम संपल्यावर. आधी घेतली तर पोरं पळतात ना! पोरं तरीही पळायची, एकेक जण चार-चार जणांच्या सह्या ठोकायचा, टपरीवर बसून हजेरी लागायची. पण पोरींची प्रॉक्सी कशी मारणार? वर्गात पोरीच तीन! एक बाक रिकामा दिसला की झालं.

ह्या टीव्हीवर नेमलेले कोण, तर फिजिक्सचे पंडित सर. अरे, काय शिकवायचे ते! कप्पी शिकवायची तर घरून बादली आणि दोर घेऊन यायचे, खिडकीच्या गजाला कप्पी अडकवायचे आणि सगळ्यात बारीक पोराला म्हणायचे, "ये पहिलवान, उचल." रेशमाने फिजिक्स घेतलं तेच मुळी ह्या माणसामुळे. आता सरांचं काम काय? कुलूप उघडायचं, बटण दाबायचं आणि मस्टर मांडीवर घेऊन बसायचं. समोर इंग्लिश चालायचं फाडफाड. पडद्यावर निम्मा वेळ मुंग्या, मग कोणीतरी गच्चीवर जाऊन पाइप फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं! गेलं रे गेलं!" शिकण्यातलं तेवढंच सगळ्यांना कळायचं.

रेशमाने सरांना सांगितलं, सर, माझी गाडी. सर बिचारे प्रिन्सिपलकडे गेले. पाच मिनिटांत परत आले, तोंड एवढंसं करून. प्रिन्सिपल म्हणाले होते, "एका पोरीसाठी दिल्लीचा टाइम बदलू का? आणि तुमची जूनची ऑर्डर अजून निघायची आहे, पंडित." सर टेम्पररी होते ना. पाच वर्षं टेम्पररी.

मग तिने काय केलं? गेली स्टँडवर आणि दीडच्या गाडीच्या कंडक्टरला विचारलं, धनसिंगला. धनसिंगभाऊ म्हणजे भला माणूस, रस्त्यात म्हातारी दिसली तर स्टॉप नसला तरी घंटी मारणारा. तो म्हणाला, "किती वेळ लागस तुले?"

"पळत आले तर दोनला पाच कमी."

"पंचवीस मिनिटं." त्याने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर वना. वना खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि आत बघत उभा राहिला. झालं! गाडी बिघडली!

तेव्हापासून रोज दीडला बॉनेट उघडायचं. कंट्रोलरला सांगायचं, इंजिन तापलं. वना डबा घेऊन पाणी आणायला जायचा तो स्टँडच्या पार पलीकडच्या नळावर. रमतगमत. तिकडून रेशमा पळत यायची, छातीशी वह्या, अंगठा तुटलेली चप्पल हातात, आणि वना धाडकन बॉनेट लावायचा. सतरा दिवस चाललं हे. तिने मोजले होते, कारण हजेरीचा हिशेब तिला रोज करावा लागायचा.

पण गाडीतली माणसं काय आंधळी असतात का? पहिल्या दिवशी कुरकुर, दुसऱ्या दिवशी शिव्या, तिसऱ्या दिवशी कळलंच सगळ्यांना. झुंबरबाई म्हणून भाजीवाली होती, बाजार करून रिकाम्या टोपल्या घेऊन ह्याच गाडीला असायची, तिची जीभ म्हणजे विळी. ती सुरू झाली, आणि गाडीला रोजची करमणूक झाली.

अठराव्या दिवशी टीव्ही लावून दहा मिनिटं झाली नसतील, लाईट गेली. पंखा थांबला, टीव्ही काळा. पोरं होती ती पण खिडकीतून निघाली. रेशमा उठली. "सर, लाईट गेली. सही करून जाऊ?"

सरांनी मस्टरवर हात ठेवला. "पावणेदोनच्या आत उघडायचं नाही असं लिहून घेतलंय माझ्याकडून. लाईट आली तर?"

"मग सर, तोवर तुम्हीच शिकवा ना काहीतरी."

सर फळ्याकडे बघत राहिले. खडू तिथेच पडलेला होता. म्हणाले, "हा तास माझा नाही गं, टीव्हीचा आहे."

आणि बसले दोघं, बंद टीव्हीसमोर. बाकीच्या दोन पोरी बाकावर डोकं टेकून झोपल्या. पावणेदोन वाजले, सरांनी मस्टर उघडलं, तिने सही केली आणि जी पळत सुटली ती थेट स्टँडवर.

गाडी होती. बॉनेट उघडं होतं. ती पायरीवर चढली आणि झुंबरबाईने टोपली बाजूला सारली.

"ये वं माय, ये! तुनी वाट दखी दखी गाडीले ताप भरना. आते दखा बठ्ठा जन, कसा उतरस तो!"

मागून कोणीतरी ओरडलं, "धनसिंगभाऊ, तिकीट तरी लेतस का तिनं?"

"तिकीट कसानं? मांडोमा नवरदेव पन इतला थांबस नही!" झुंबरबाई म्हणाली, आणि गाडी नुसती हसली रे, पार मागच्या बाकापर्यंत.

धनसिंगचं तोंड लाल. "गप बसा, झुंबरमावशी. शिकनारी पोर शे."

"शिकी ऱ्हायनी ते दिसी ऱ्हायनं!"

रोजचंच होतं हे. रेशमाने नेहमीसारखं खाली बघितलं आणि पुढे सरकली. मागच्या बाकापाशी आली आणि थांबली. तिथे चैत्राम बसला होता. बैलाच्या खुरांना औषध आणायला शिरपूरला आला होता, बाटली मांडीवर. दीड वाजल्यापासून बसला होता तो तिथे. सगळं ऐकलं होतं त्याने, आणि गाडीत कोणालाच माहीत नव्हतं की हा बाप आहे.

तो सरकला, खिडकीची जागा तिला दिली.  फाटा येईपर्यंत बाटली दोन्ही हातांत धरून बसला होता.

फाट्यावर उतरल्यावर म्हणाला, "रोज थांबाडस तो गाडी?"

"टीव्हीचा तास असला की..."

"म्हंजे रोज," तो म्हणाला आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने वेणी घातली, भाकर बांधली. तो दारात बसला होता. "आज नको जाऊ." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळची गाडी फाट्यावर दोनदा हॉर्न वाजवायची, घरापर्यंत ऐकू यायचा तो.

रविवारी पंडित सर आले! दीडच्या गाडीने, फाट्यापासून चालत, घामाघूम. चैत्रामने बाज टाकली, पाणी दिलं. रेशमा आत भिंतीला टेकून उभी. सर म्हणाले, पोर हुशार आहे, वर्गात पहिली आहे, असं मधूनच काढू नका, हात जोडतो.

चैत्राम म्हणाला, "मास्तर, मी कुठे काढी? दीडनी गाडीनं येऊ द्या. गाडी थांबाडाले नको. मी पन हातच जोडस."

"टाइम माझ्या हातात नाही हो, आबा. दिल्लीहून येतो तो कार्यक्रम."

चैत्रामने सरांना आणखी पाणी दिलं. मग खरंच माहिती नसल्यासारखं विचारलं, "तो खोकामधला मास्तर शे ना, त्याले दिसस का, समोर कोन बशेल शे आनि कोन नही?"

"नाही. त्याला नाही दिसत."

"मंग तिले कसाले बसाडतस?"

 आत रेशमा भिंतीपासून दाराशी सरकली. तिला एकच वाक्य हवं होतं, छोटंसं. जा तू दीडला, सही मी बघतो. एवढंच! बाप तिथल्या तिथे हो म्हणाला असता, कारण त्याने मागितलं होतं ते तेवढंच. तिने दाराच्या फटीतून बघितलं, सरांनी तोंड उघडलं. मग चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला आणि विचारलं, "परतीची गाडी किती वाजता आहे?"

पुढच्या गावाला जाऊन तीच गाडी परत यायची, साडेचारला. चैत्राम त्यांना फाट्यावर सोडायला निघाला. मागोमाग रेशमाही निघाली, बापाने अडवलं नाही. नाला ओलांडताना सर घसरले, तर तिनेच हात दिला.

गाडी आली. दारात धनसिंग होता. त्याने रेशमाला बघितलं, चैत्रामला बघितलं आणि नजर घंटीच्या दोरीकडे नेली. सर चढायला लागले तेव्हा रेशमाने ओढणीखालून पुस्तक काढलं, कॉलेजच्या लायब्ररीचं, खाकी कव्हर घातलेलं.

"सर, उद्या परत द्यायची तारीख आहे ह्याची."

सरांनी घेतलं. पायरीवर एक पाय ठेवून उभे राहिले थोडे, म्हणून धनसिंगने हळूच म्हटलं, "चला सर, टाइम व्हई गया."

घंटी दोनदा वाजली. वनाने गिअर टाकला. गाडी बरोबर साडेचारला सुटली, एक मिनिटही इकडे-तिकडे नाही.