निरंक म्हणा आणि सही करा

मी एक रबरी शिक्का बोलतोय. अंगावर अक्षरं तीनच : निरंक. म्हणजे काही नाही, पाटी कोरी.

मला घडवणारा शिक्केवाला मोठा बोलघेवडा. रबर कापता कापता त्यानं गिऱ्हाईक बाईंना शेजारच्या वाण्याची गोष्ट ऐकवली. वाण्याची वजनं चोख, पण तोलताना अंगठा हळूच पारड्याला टेकायचा. कुणी बोललं तर बिचारा मनापासून दुखावायचा. "बाई, लबाड माणूस पकडता येतो," शिक्केवाला म्हणाला, "अंगठ्याची सवय नाही पकडता येत."

बाई हसल्या आणि मला पर्समध्ये टाकून घेऊन गेल्या.

त्या एका वैद्यकीय संस्थेत हेडक्लार्क. तिथं बारा डॉक्टरांची समिती बसते आणि कुठल्या आजाराला कुठलं औषध, कितव्या वर्षापासून, याचं पुस्तक लिहिते. गावोगावचे डॉक्टर ते उघडून गोळ्या देतात. बैठकीआधी प्रत्येकानं एक फॉर्म भरायचा : औषध कंपनीकडून मानधन, प्रवासखर्च, भेट घेतली आहे का? असल्यास तपशील.

पूर्वी सगळे हातानं 'निरंक' लिहायचे. बाईंना कामाचा उरक भारी. त्यांनी मला आधीच मारून ठेवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी नुसती सही ठोकायची. खोटं कुणीच लिहीत नव्हतं, कारण लिहीतच कुणी नव्हतं. मी मात्र ठप ठप उमटायचो आणि स्वतःला हरिश्चंद्र समजायचो.

एकदा बाई आठ दिवसांच्या रजेवरून आल्या त्या उतरल्या चेहऱ्यानंच. न्हाणीघरात पडून सासूबाईंचा खुबा मोडला होता. महिन्यापूर्वी रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली, तेव्हापासून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. घरच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सत्तरीपुढच्या सगळ्यांना द्या असं पुस्तकातच आहे, मी कोण बदलणार?

बाईंनी कपाटातून ते पुस्तक काढलं. शेवटच्या पानावर बारीक टाइपात होतं : सदस्यांचे हितसंबंध – निरंक.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

त्याच दुपारी बैठक होती. विषय एकच : तीच गोळी सत्तरीऐवजी साठीपासून द्यावी. बाईंनी रजेपूर्वीच शिक्के मारून ठेवलेले बारा फॉर्म फाइलमध्ये तयार होते. ते वाटलेही गेले.

तेवढ्यात समितीतल्या सगळ्यांत धाकट्या डॉक्टरीणबाई टेबलापाशी आल्या नि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी दोन व्याख्यानं दिलीत हो या गोळीच्या कंपनीसाठी. इथं तर आधीच निरंक आहे. खोडू का?"

अध्यक्षांचे कान तिखट. "अहो, व्याख्यान म्हणजे ज्ञानदान. त्याचं काय लिहायचं? खाडाखोड बरी दिसत नाही. बाई, त्यांना दुसरा फॉर्म द्या. शिक्का मारून."

बाईंनी मला उचललं, पॅडवर दाबलं. कागद बोटभर अंतरावर राहिला आणि हात थांबला. नोकरीची अजून सात वर्षं बाकी होती.

त्यांनी मला रुमालाखाली ठेवलं.

"शाई संपलीय, साहेब. हातानं लिहावं लागेल. सगळ्यांनाच कोरे फॉर्म देते."

"सगळ्यांना कशाला?"

"पंक्तिप्रपंच नको, साहेब."

शाई सकाळीच काठोकाठ भरली होती. रुमालाला जांभळा डाग पडत होता.

डॉक्टरीणबाईंनी दोन ओळी लिहिल्या. त्यांच्या शेजारच्यांनी विचारलं, परदेशातली परिषद धरायची का? त्यांनी ती धरली. अध्यक्षांच्या पेनानं 'नि' काढला आणि तिथंच अडकलं. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या भरलेल्या कागदाकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी मान खाली घातली नाही. मग त्याच 'नि'पुढे अक्षरं उमटली : निमंत्रित व्याख्याने, पाच.

नियम जुनाच होता : ज्याचा संबंध, त्यानं मत द्यायचं नाही. फॉर्मवर काही लिहिलेले पाच जण बाहेर बाकावर जाऊन बसले, अध्यक्षही. आत उरलेल्या सातांनी गोळीचे पुरावे पुन्हा मागवले. साठीचा ठराव बारगळला, सत्तरीचा नियमही फेरतपासणीला गेला. बाहेर बसलेले काही चोर नव्हते हो. पण खाल्ल्या मिठाला जागायची माणसाला फार चांगली सवय असते.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष जाता जाता म्हणाले, "बाई, शाई भरून ठेवत जा." हसून म्हणाले. त्या हसण्यानं बाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला शिक्केवाल्याकडे नेलं. त्यानं माझं रबर सोलून काढलं आणि त्याच लाकडी मुठीवर नवं चिकटवलं. आता मी फॉर्मच्या डोक्यावर उमटतो : स्वहस्ते लिहावे.

सासूबाई काठी घेऊन चालतात. ती काठी काही सुटायची नाही, नि त्यातला माझा वाटा मला ठाऊक आहे. म्हणून एवढंच मागणं. तुमच्याही टेबलावर असा एखादा आयता शिक्का असेल. तो उचलण्याआधी आपला अंगठा कुठं टेकलाय, तेवढं बघून घ्या.