दहापासून सुरू होणारी टेप

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. अशी कल्पना करा, की घरात एक मोठी चूक होते आहे. ती तुम्हाला दिसते आहे, पण सांगायला तुम्हाला तोंडच नाही. जमले? मग माझी गोष्ट तुम्हाला समजेल.

मी एक जुनी कापडी टेप आहे. तीस मीटर लांब, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली. कालव्यांची कामे पाहणाऱ्या अनंतरावांनी मला चाळीस वर्षांपूर्वी घेतले. एकदा रोलरखाली सापडून माझे पहिले दहा सेंटिमीटर कडीसकट तुटले. दुसऱ्या कोणी मला फेकूनच दिले असते. अनंतरावांनी माझ्या टोकाला नीट शिवण घातली. तेव्हापासून मी शून्याऐवजी दहापासून सुरू होते. आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे, एवढेच. त्यांचे मदतनीस बद्रीनाथ पलीकडून ओरडत, "साहेब, दहा धरलंय!" अनंतराव म्हणत, "बरं झालं सांगितलंत, नाहीतर कालवा भलत्याच गावाला गेला असता!"

ते निवृत्त झाले आणि मी कोथरूडच्या त्यांच्या घरी, जिन्याखालच्या कपाटात जाऊन पडले. कित्येक वर्षांत मला कोणी उलगडले नाही.

मागच्या दिवाळीत अनंतरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि वाचाही गेली. झोपायची खोली आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर, आणि हे खाली चाकाच्या खुर्चीत. आंघोळीसाठी त्यांना रोज उचलून वर न्यावे लागे. एकदा जिन्यात मुलाचा, आमोदचा, तोल गेला. त्या दिवसापासून अनंतराव वर जायचे म्हटले की डाव्या हाताने खुर्ची घट्ट धरून ठेवत.

आमोदने ठरवले, की घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत अण्णांसाठी, म्हणजे अनंतरावांसाठी, न्हाणीघरासह खोली बांधायची. पण घर आणि कुंपण यांच्यामध्ये ठरावीक जागा मोकळी सोडावी लागते. त्यात सवलत हवी असेल, तर महापालिकेकडे अर्ज करायचा. आर्किटेक्ट पद्मजाताईंनी फोनवर स्पष्टच सांगितले, "जागा मोजून कळवा. खोली बांधून दीड मीटर उरत असेल, तरच मी अर्ज करीन. कमी असेल तर हात लावणार नाही."

खराडीच्या ऑफिसातून थकून आलेल्या आमोदने कपाटातून मला काढले, माझे टोक भिंतीला लावले आणि कुंपणापाशी आकडा वाचला. "बरोब्बर चार मीटर! अडीचची खोली, दीड मोकळी. झालं काम!"

काम झाले नव्हते, मित्रांनो. जागा तीन मीटर नव्वद होती. मी काय करणार? माझ्यावर जे छापलेले आहे तेवढेच मी दाखवू शकते.

दारातून अनंतराव पाहत होते. त्यांनी डावा हात वर केला, पाच बोटे दाखवली, मिटली, पुन्हा पाच दाखवली.

"दहाची गोळी ना अण्णा? दिली की सकाळी."

त्यांनी जोरात मान हलवली. पुन्हा पाच, पुन्हा पाच.

"हो हो, तुमच्या नातीला दहावं वर्ष लागलं. वाढदिवस करू या जोरात."

अनंतरावांच्या डोळ्यांत पाणी आले. आमोदने ते रुमालाने पुसले, पण हात कशासाठी वर झाला होता ते त्याला कळले नाही. तसे पाच दिवस गेले.

रविवारी पद्मजाताई नकाशा घेऊन सहीसाठी आल्या. सोमवारी अर्ज द्यायचा होता. आमोदची मुलगी उत्कर्षा मला उलगडून खेळत होती. एकाएकी ती म्हणाली, "आजोबा, हिचे पहिले दहा कुठे गेले?"

अनंतरावांनी डोळे मिटले आणि सावकाश पाच बोटे दाखवली. मग पुन्हा पाच.

उत्कर्षा धावत आत गेली. "बाबा, जागा कमी आहे! टेप तुटकी आहे!"

आमोदने मला हातात घेऊन टोक पाहिले. "दहा सेंटिमीटरच ना? कोण बघतंय?"

"महापालिकेचा माणूस बघतो," पद्मजाताई म्हणाल्या. "त्याच्या टेपला सुरुवात असते. अहो, दोनशे रुपयांत नवीन मिळते कोथरूडात!"

"मग खोली दहाने कमी करा."

"करते. पण पलंगाशेजारी खुर्ची वळायला हवी ना? कागदावर तरी वळत नाहीये."

"मग बांधून उपयोग काय?"

माझे हरवलेले दहा सेंटिमीटर मला परत आणता आले असते, तर मी तेव्हाच आणले असते. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर वापरा, पण आधी त्यांची खोड विचारून घ्या. आणि सांगणाऱ्याला बोलता येत नसेल, तर त्याच्यापाशी थोडे जास्त वेळ थांबा.

उत्कर्षा मला आणि खडू घेऊन बाहेर गेली. कुंपणाला माझा दहाचा आकडा लावून, दीड मीटर सोडून तिने फरशीवर खोलीची रेघ ओढली. आत पलंग आखला. आजोबांची खुर्ची ढकलत आणली आणि वळवू लागली. निम्म्यात खुर्चीचे चाक पलंगावर चढले.

ती थांबली. तिने ओल्या फडक्याने पलंग पुसला आणि घराच्या भिंतीलगत, आडवा करून, पुन्हा आखायला बसली.