वळणावरचा भोंगा

"स्टेशन हाकेच्या अंतरावर, पण आवाज म्हणाल तर औषधालाही नाही," एजंट छातीठोकपणे म्हणाला. सगळ्या खिडक्या त्यानं घट्ट लावून घेतल्या होत्या आणि पंखा फुल स्पीडवर सोडला होता. घर दाखवायला पठ्ठ्यानं नेमकी दोन गाड्यांमधली वेळ गाठली होती.

"खिडकी उघडा," मी म्हणाले.

"धूळ येते हो, ताई."

"पुसायला मी समर्थ आहे." मीच कडी काढली. खाली रूळ वळत होते. तिथं प्रत्येक गाडीनं भोंगा द्यायचाच, असा नियम आहे. एजंट घाईघाईनं ओट्याचं कौतुक करू लागला, तेवढ्यात भोंगा वाजलाच. एक लांबलचक आणि मागोमाग एक तुटका. तावदानं थरथरली. एजंटचं तोंड एवढंसं झालं.

"ही गाडी रोज नसते," तो पुटपुटला.

"रोज असते. माझा नवराच चालवतो ती. शेवटी असा तुटका भोंगा दुसरं कुणी देत नाही. त्याची ड्यूटी याच स्टेशनात संपते."

"मग आवाज माहीत असून इथंच घर कशाला, ताई?"

"लग्न झाल्यापासून त्या माणसानं 'निघालो' म्हणून एक फोन केलेला नाही. ताटं मांडून मी आपली दाराकडे बघत बसायची," खिडकी सताड उघडत मी म्हणाले. "आता रोज सांगेल, तेही अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं. आणा ती किल्ली."