वेशीवर उतरवलेला मुखवटा

मी म्हसू वीराचा मुखवटा. लोहगडाच्या पायथ्याशी एक लहानशी वाडी आहे, तिथल्या वीराच्या देवळात भिंतीला टेकून असतो. माझे वटारलेले डोळे पाहून पोरं आईच्या पदराआड लपतात. बायका पुढ्यात नारळ ठेवतात आणि म्हणतात, "वीरा, गाव सांभाळ." ज्यांनी खरोखर गाव सांभाळलं ती माणसं वेगळी होती. त्यांना मी फार जवळून पाहिलं आहे, म्हणून आज बोलतो आहे.

माझा जन्म तळेगाव दाभाड्यातला. धोंडाबाई नावाच्या एक विधवा बाई ओसरीवर बसून सोंगांचे मुखवटे करत. जुन्या कागदांचा लगदा, त्यात मेथीची पूड आणि चिंचोक्याची खळ, असा मी मातीच्या साच्यावर थापला गेलो. रंग देताना धोंडाबाई हसून म्हणाल्या, "मिशी जरा चढवते. वीर आहे हा, कारकून नाही." मग वाडीची माणसं मला धोतरात गुंडाळून घेऊन गेली.

म्हसू वीर कोण, तर वाडीचा राखणदार. फार पूर्वी गडावरून दरड सुटली, तेव्हा त्यानं ती छातीवर अडवली आणि वाडी वाचली, असं गाव सांगतं. दर शिमग्याला त्याचं सोंग निघायचं. ज्याच्या तोंडावर मी असेन, त्याच्या पाया म्हातारी माणसंसुद्धा पडायची.

ते सोंग रखमाजीकडे आलं आणि मी त्याच्या घरच्या खुंटीवर राहू लागलो. रखमाजी भातशेती करणारा, उंचापुरा, पण स्वभावानं अगदी भित्रा. पाटील समोरून आले की वाट सोडून बांधावर चढायचा. मला तोंडावर चढवलं की मात्र तोच माणूस आरोळी ठोकायचा आणि सगळी वाडी थरारायची. आत त्याचा श्वास माझ्या कागदाला लागायचा. त्याच्या छातीतली धडधड फक्त मला ऐकू यायची.

पहिल्या शिमग्यानंतर तो घरी आला आणि पुढ्यातल्या भाकरीला हातही न लावता चुलीपाशी बसला. त्याच्या बायकोनं, सरुबाईनं, विचारलं, "काय झालं वो?"

"लोकं पाया पडली माज्या," तो म्हणाला. "आन मी शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरलाय. त्याला ठावंबी न्हाई."

सरुबाई म्हणाली, "मंग घाला की माघारी."

दुसऱ्या दिवशी त्यानं माती टाकून बांध पुन्हा होता तिथं घातला. शेजाऱ्याला काहीच उमगलं नाही. रखमाजी मात्र त्यानंतर जरा ताठ चालू लागला. मला वाटतं, त्याच्या अंगात वीर आला तो तेव्हा.

मग मानमोडीचं, त्या जीवघेण्या तापाच्या साथीचं वर्ष आलं. तिकडे विलायतेत मोठी लढाई संपत आली होती आणि इकडे आश्विनात भात पिवळं पडलं होतं. रेल्वेनं लोणावळ्याला गेलेली माणसं ताप घेऊन परतली. आज डोकं धरलेला माणूस परवा तिरडीवर असायचा. विळे आढ्याला तसेच राहिले. लोकांनी दारं लावून घेतली. जो दार वाजवतो तो ताप आत आणतो, अशी भीती पसरली.

शेजारच्या झुंबरबाईच्या घरातून दिवसभर "पानी, पानी" असा आवाज येत होता. रखमाजी कळशी घेऊन गेला. आतून झुंबरबाई ओरडली, "जा हितनं. दार उघडनार न्हाई."

तो भरली कळशी घेऊन परत आला. सरुबाईनं मला खुंटीवरून काढलं, पदरानं पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "हे घाला. वीराला न्हाई म्हननार न्हाईत."

"शिमगा न्हाई, काय न्हाई. लोकं काय म्हनतील?"

"पानी पितील, मंग म्हनतील."

त्या दिवशी मी सणाशिवाय पहिल्यांदा बाहेर पडलो. झुंबरबाईनं फटीतून मला पाहिलं आणि अडसर काढला. आत तिची दोन माणसं तापानं फणफणत होती. रखमाजीनं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. सरुबाई तांदळाची पेज करून द्यायची, तो दारोदार पोचवायचा. ज्या घरात खांदा द्यायला कुणी उरलं नव्हतं, तिथं त्यानं खांदा दिला. माझ्या आत त्याचा घाम आणि आसवं एक व्हायची. तो अजून तितकाच घाबरत होता, हे मी शपथेवर सांगतो. घाबरत घाबरत पुढच्या दाराकडे जायचा.

एका सकाळी वेशीबाहेरच्या वस्तीतला नथू येऊन लांब उभा राहिला. त्या लोकांना गावाच्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती. त्यांचा झरा पार डोंगराच्या अंगाला, आणि तिथवर चालायचं बळ कुणाच्यात उरलं नव्हतं. नथू स्वतः भिंतीला धरून उभा होता. "आबा," तो म्हणाला, "माजी आय बयाबाई, लय वाईट हाय तिचं. सगळीच पडल्यात. तितं कुनी येत न्हाई."

रखमाजीनं कळशी उचलली. वेशीपाशी हौशीराम पाटील आडवे आले.

"रखमाजी, कुटं?"

"वस्तीवर."

"गावात काय करायचं ते कर. पर वीराचं तोंड घिऊन तितं जायाचं न्हाई. वीर बाटंल."

रखमाजी थांबला. माझ्या आत त्याचा श्वास अडकलेला मला कळला. याच माणसाला पाहून तो आयुष्यभर बांधावर चढला होता. मला वाटलं, आता तो मागं फिरणार.

त्यानं हळूच मला तोंडावरून काढलं आणि पाटलांच्या हातात दिलं. "मंग वीर ऱ्हाऊ द्या हितंच," तो म्हणाला. "मी जातो."

आणि तो गेला. उघड्या तोंडानं, कळशी खांद्यावर घेऊन. माझ्याकडे त्यानं वळून पाहिलं नाही. पाटलांच्या हातात उलटा धरलेला मी त्याची पाठ लहान होत जाताना बघत होतो.

पाटलांनी मला देवळात आणून ठेवलं. पुढचं मी फक्त ऐकलं. रखमाजी वस्तीवर पाणी भरत राहिला आणि तिथंच तापानं पडला. सरुबाई धावली. तिनं वस्तीवरच राहून त्याचं केलं, इतरांचंही केलं, त्यांच्याच गाडग्यातलं पाणी प्याली. रखमाजी वाचला नाही. बयाबाई वाचली.

सरुबाईनं डोळे पुसले आणि ती गावात फिरू लागली. मुखवटा नव्हताच, आणि बाईमाणसाला तो घालू कुणी दिला असता? हातात पेजेचं भांडं घेऊन ती दार वाजवायची आणि म्हणायची, "मी सरू हाय." दारं उघडत होती.

साथ ओसरली. वाचलेली माणसं देवळात जमली. वीराला शेंदूर लावला, नारळांचा खच पडला. हौशीराम पाटील म्हणाले, "वीर सोता दारोदार फिरला, म्हनून गाव वाचलं."

सरुबाई खांबाआड उभी होती. ती पुढं आली. "दादा, फिरलं ते आमचं मानूस फिरलं. त्यांचंबी नाव घ्या."

पाटील समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, सोंग व्हतं म्हनून दारं उघडली. नुसत्या मानसाला कुनी उघडलं असतं का?"

"मला उघडली की," ती म्हणाली. "माज्या तोंडावर काय व्हतं? तुमचंबी दार उघडलं व्हतं, दादा."

तिनं झुंबरबाईकडे पाहिलं. झुंबरबाईनं मान खाली घातली. तेव्हा सरुबाई, जिनं लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं, ती भरल्या देवळात स्वच्छ आवाजात म्हणाली, "रखमाजी नाव व्हतं त्यांचं."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "वस्तीवरचं पानी प्यालीया ती. देवळात कशी आली?"

तिला विहिरीवर पाणी भरू देईनात. तापात तिच्या हातची पेज प्यालेल्या बायका घागर लांब धरू लागल्या. थोड्याच दिवसांत ती लोणावळ्याला निघून गेली. तिथं एका दवाखान्यात रोग्यांना पाणी पाजायचं, त्यांचं अंग पुसायचं काम तिला मिळालं. वाडीत ती पुन्हा आली नाही.

मी मात्र इथंच राहिलो आणि मोठा होत गेलो. आता गाव सांगतं, मानमोडीच्या साली म्हसू वीर वेशीवर उभा राहिला आणि त्यानं ताप माघारी लोटला. वेशीवर उभा होतो हे खरं आहे. पाटलांच्या हातात होतो.

नथू दर कार्तिकात येतो. त्याला आत येऊ देत नाहीत. शेवटच्या पायरीच्याही खाली तो भाताची एक लोंबी ठेवतो. लोकांना वाटतं, ती मला आहे. नुकतीच पुन्हा लढाई सुरू झाली आहे, लोणावळ्यात फौजेच्या गाड्या दिसतात म्हणे. यंदा तो आला तेव्हा त्याची दाढी पांढरी झाली होती. देवळात झाडायला झुंबरबाई होती, तीही आता थकली आहे.

"मावशी," नथू लांबूनच म्हणाला, "सरू मावशी वारली. लोनावळ्याला. दवाखान्यातच गेली."

झुंबरबाईच्या हातून झाडू गळाला. ती एकेक पायरी उतरली आणि लोंबीच्या शेजारी मातीत बसली. "तिनं माज्याकडं बघितलं व्हतं रं," ती म्हणाली. "मी व्हय म्हनाया पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवसापासून देवळात येईल त्याला ती सगळं सांगू लागली. लोक म्हणाले, म्हातारीला भ्रम झाला. आता तीही अंथरुणाला खिळली आहे, देवळापर्यंत येत नाही.

माझ्या कागदाला कसर लागली आहे. एक कान गेला. शेंदराच्या भारानं मी एका बाजूला कललो आहे, फार दिवस टिकेन असं वाटत नाही. बाबांनो, मला नमस्कार करायचा तर करा. पण शिमग्याला पोरांना माझी गोष्ट सांगाल, तेव्हा दरडीपाशी थांबू नका. रखमाजीचं आणि सरुबाईचं नाव घ्या. वेशीपलीकडे त्यांनी काय केलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिथं गेलोच नाही. ते सारं नथूनं पाहिलं आहे. दर कार्तिकात पायरीखाली उभा असतो तो. त्याला आत बोलवा आणि विचारा.