हौदाच्या पाच पायऱ्या

पुंडलिकनगरातल्या, पाण्यात व्यायाम करायच्या त्या हौदाला पाच पायऱ्या होत्या, आणि कठडा न धरता त्या चढून येणं सावनीला दोन महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं. पुढच्या बुधवारी पैठणला आईचं वर्षश्राद्ध होतं. चुलतभाऊ शंतनू म्हणाला होता, "तू गाडीतच बस. घाटावरचं मी बघतो." तिला नेमकं तेच नको होतं. अंथरुणाला खिळलेल्या आईला चार वर्षं उचलून उचलून तिची कंबर गेली होती. मग तर्पणाची शेवटची ओंजळ दुसऱ्यानं का सोडायची?

"आज पाठीवर तरंगायचं," व्यायाम शिकवणारी दीपमाला म्हणाली.

सावनी कोमट पाण्यात मागं झुकली आणि लगेच ताठरली.

"लई नखरे बाई तुझे," शेजारी दांडा धरून पाय हलवणाऱ्या मनकर्णाबाई म्हणाल्या. अजिंठ्याकडच्या, सत्तरीच्या, नातीचा सलवार-कुडता घालून पाण्यात उतरायच्या. "पाणी काय खातंय व्हय?"

"काकू, पहिल्या दिवशी तुम्ही माझा गळा धरला होता," सावनी म्हणाली.

"मला दांडाच वाटला तो!"

हसत हसत दीपमालानं एक तळहात सावनीच्या कमरेखाली घातला, दुसरा डोक्याखाली. "अंग सोडा, ताई. धरून ठेवलं की जड होता तुम्ही."

हे तर सावनीचंच वाक्य. आईचे केस धुताना दरवेळी म्हणायची ती. आई म्हणायची, "पाडशील." आणि तिसऱ्या तांब्याला आईची मान अलगद हातावर यायची. तो भार सावनीच्या तळहाताला अजून ठाऊक होता. हातावर मान टाकणाऱ्याला काय वाटतं, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

"पाडशील," ती पुटपुटली.

"नाही पाडत."

तिनं डोकं टाकलं. कान पाण्याखाली गेले, कमरेतली गाठ हळूहळू सैल झाली. दीपमालानं हात कधी काढले, कळलंच नाही.

"बघा, आता कशी ओंडक्यावानी तरंगू लागली!" मनकर्णाबाई ओरडल्या.

नंतर पायऱ्या. तिसरीवर कळ आली, हात कठड्याकडं गेला आणि तसाच परत आला. चौथी. पाचवी.

ओल्या केसांनीच तिनं शंतनूला फोन लावला. "दादा, घाटावर मी उतरणार आहे. आणि तांब्या आणू नकोस. आईचा मी घेऊन येते."