दूधभाऊ

देस्पूलाने त्या सकाळी दोन फोटो आणले, आणि वकील क्लितोसचं पित्त खवळलं.

सायप्रसच्या दुभंगलेल्या निकोसिया शहरात, सीमेवरच्या चौकीपाशी काळे रुमाल बांधलेल्या ग्रीक बायका रांगेत उभ्या होत्या. ग्रीक-तुर्क लढाईत बेपत्ता झालेल्या आपापल्या माणसाचा फोटो प्रत्येकीच्या छातीशी. युरोपातले बडे पाहुणे येणार होते. देस्पूलाच्या एका हातात सख्खा भाऊ याकोव्होस, दुसऱ्या हातात शेफिक.

"मावशी, हा तुर्क इथे कशाला?" या बायकांची बाजू मांडणारा क्लितोस दबक्या आवाजात करवादला.

"तुर्क काय तुर्क! दूधभाऊ आहे माझा. मला जन्म देताना आई गेली, तेव्हा शेजारच्या पेम्बेनं, याच्या आईनं, मला नि याला एकत्र पाजलं."

"असेल गं. पण आपली बाजू लंगडी पडते. त्यांच्या माणसांचं त्यांचे वकील बघतील."

"बघतायत की! ते त्यांचीच रडतात, तू आपलीच. एवढी वर्षं दोघं घसा फोडताय, माझ्या दोघांपैकी एकाचं तरी हाड घरी आलं का रे?"

"फोटो खाली ठेव, नाहीतर रांगेतून बाहेर हो."

ही रांग देस्पूलानेच सुरू केलेली. ती बाहेर पडली तर याकोव्होसची आठवण कोण काढणार? पण गेल्या महिन्यात सीमेपलीकडे जायची वाट उघडली, तेव्हा तिकडे राहणाऱ्या थकलेल्या पेम्बेनं शेफिकचा फोटो तिच्याच हातात दिला होता. म्हणाली, "तुझा भाऊ घेऊन जा." देस्पूलाने दोन्ही फोटो आणखी वर धरले.

पाहुणीबाई नेमकी तिच्याचपुढे थांबली. "तुमचं कोण हरवलं?"

"एक भाऊ," क्लितोसने घाईघाईने सांगून टाकलं.

"दोन," देस्पूला इंग्रजीत म्हणाली. तरुणपणी लंडनमध्ये कपडे शिवलेल्या बाईला दुभाष्या कशाला हवा!

"कोणी नेले?"

क्लितोस डोळ्यांनी दटावत होता. पेम्बेच्या दुधाची शपथ, देस्पूलाला इतका ताठा आयुष्यात कधी चढला नव्हता.

"याकोव्होसला त्यांनी नेलं," ती म्हणाली. "शेफिकला आम्ही."

देस्पूलाने दोघांची नावं पुन्हा घेतली, पलीकडच्या चौकीवर आपापले फोटो घेऊन उभ्या असलेल्या तुर्क बायकांनाही ऐकू जातील अशी खणखणीत. मग कोणी हाकलण्याआधी, मान ताठ ठेवून, ती स्वतःच रांगेबाहेर जाऊन उभी राहिली. फोटो मात्र दोन्ही वरच.